ओव्हर म्हणजे वर नव्हे

वॉकी-टॉकी विकत घेण्यामागचा माझा हेतू अगदी उदात्त होता. बायकोला मागे टाकून पुढे जायचं, पण तिला ते जाणवू द्यायचं नाही.

पहिल्यापासून सांगतो. मी पेणच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझी बायको मेधा वाचनालयात काम करते. म्हणजे ती दिवसभर शांतता राखते आणि संध्याकाळी घरी येऊन माझं व्याख्यान ऐकते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात आम्ही जिथे जिथे पायी गेलो तिथे मी पुढे आणि ती मागे. "मला सावकाश चालताच येत नाही," असं मी अभिमानाने सांगत असे. गेल्या वर्षी सुधागडावर मी "आलोच" म्हणून पुढे सटकलो, माथ्यावर दीड तास फोटो काढले आणि परत येऊन बघतो तर मेधा जागेवर नाही. विचारत विचारत, घामाघूम होऊन पालीला पोचलो तेव्हा तिचा फोन आला. ती एसटी धरून पेणला पोचली होती आणि कुकर लावून बसली होती. "तुमचा भात ठेवू ना?" एवढंच तिने विचारलं.

त्या रात्री जेवताना तिने अट घातली. "अजून एकदा येईन. या वेळीही मागे ठेवलंत, तर यापुढे मी मैत्रिणींबरोबर जाईन. तुम्ही खुशाल एकटे पळा." आवाज जरासुद्धा चढवला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

कुठल्याही शहाण्या माणसाने यावर हळू चालायचं ठरवलं असतं. मी वॉकी-टॉकीची जोडी मागवली.

ज्यांना घ्यायची असेल त्यांच्यासाठी सांगतो. परवाना न लागणारे, कमी ताकदीचेच संच घ्या आणि दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा. खोक्यावर लिहिलेला पल्ला मनावर घेऊ नका. तो दोन माणसं मोकळ्या मैदानात एकमेकांकडे बघत उभी असतील तेव्हाचा असतो, आणि तेव्हा नुसती हाक मारली तरी भागतं. मध्ये टेकडी आली की आवाज गेलाच. लहरी मी पंचवीस वर्षं शिकवतोय, तरी हे मला खर्च केल्यावर आठवलं.

निमित्त होतं जिओकॅशिंगचं. कोणीतरी एखादा डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आपण जाऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. शेजाऱ्यांनी विचारलं, "डब्यात असतं काय?" "वही," मी म्हणालो. त्यांनी मेधाकडे सहानुभूतीने पाहिलं. रायगडच्या किनाऱ्यावर असे डबे फार नाहीत. मी त्यातले दोन निवडले, एक चौलला आणि एक दिवेआगरजवळच्या टेकडीवर.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी मेधाचा वर्ग घेतला. बटण दाबून धरलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बटण धरलेलं असताना दुसऱ्याला मध्ये बोलता येत नाही. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. दोघांना सांकेतिक नावं हवीत, म्हणून मी टिटवी एक आणि तू टिटवी दोन.

"मला टिटवी म्हणालात तर मी उत्तर देणार नाही," मेधा म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. वडखळपर्यंत ट्रकच्या मागे रांगत गेलो, पुढे पोयनाडला मिसळ आणि दोन दोन चहा झाले. शनिवारी आठच्या आत अलिबाग ओलांडा, नंतर सगळी मुंबई तिथे येते. चौलचा रस्ता वाड्यांमधून जातो आणि इतका अरुंद आहे की समोरून एसटी आली की गाडीच्या आरशांना अंग मिटून नमस्कार करायला लावावं लागतं.

पहिला डबा एका देवळाजवळच्या तळ्यापाशी होता. मेधा पायऱ्यांवर बसली आणि मी कुंपणाच्या गडग्याच्या दगडांत हात घालत निघालो. विंचू, कोळी, बिस्किटाचा कागद असं बरंच काही सापडलं. तेवढ्यात कमरेवरचा संच खरखरला.

"अहो, ऐकलंत का?"

मी बटण शोधेपर्यंत कोणीतरी दुसराच बोलला. "बोला!" त्याच्यामागून आणखी एकाचा आवाज आला, "कोण, कोण बोलतंय?"

"अहो, मी बोलतेय," मेधा म्हणाली.

"वहिनी, हिथं मांडवावर चार अहो हायत. तुमाला कंचा पायजे?"

जवळच कुठेतरी लग्नाचा मांडव घालत होते आणि त्या मंडळींकडे आमच्यासारखेच संच होते, त्याच चॅनलवर. सव्वीस वर्षांत मेधाने मला नावाने हाक मारलेली नाही. आधी माझ्या आईसमोर बरं दिसत नाही म्हणून, आणि मग सवय म्हणून. घरात 'अहो' एकच असतो, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. "पेणचे अहो," तिने शांतपणे सांगितलं. मांडवावर हशा झाला आणि मग तिने मला कळवलं की ती ज्या पायरीवर बसली होती तिच्या बाजूच्या भेगेत एक डबी दिसते आहे. मी गडग्यातून खरचटलेले हात घेऊन परत आलो. चॅनल बदलून घ्या, हा माझा दुसरा सल्ला.

पुढे रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद, मुरुड, आणि आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे दिघी. फेरीच्या वेळा आधी विचारून घ्या. एक चुकली तर धक्क्यावर ताटकळत बसावं लागतं. बंदराच्या आसपास आम्ही संच बंद ठेवले. तिथे कोणाला 'अहो' म्हणून त्रास द्यायचा नव्हता.

दिवेआगरला एका वाडीत उतरलो. वाडीचे मालक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आम्हाला जुन्या पोफळींमध्ये रिकाम्या झालेल्या जागा दाखवत होते. चक्रीवादळात गेलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार आणि आग्रहाने वाढलेले उकडीचे मोदक असं जेवण होतं. मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात.

"टेकडीला दोनदा फाटे फुटतात," भाऊ म्हणाले. "खालच्या फाट्याला डावीकडे गुरांची वाट आहे, ती कुठे जात नाही. उजवीकडची पठारावर जाते. दोघं बरोबरच असा म्हणजे झालं."

"आमच्याकडे यंत्र आहे," मी म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक मोदक वाढला.

रविवारी सकाळी आठला चढायला लागलो. पहिली पंधरा मिनिटं मी खरोखर मेधाच्या बरोबरीने चाललो. मग ती एका झुडपापाशी थांबली, मी दोन पावलं पुढे गेलो आणि दोनाची दोनशे झाली. खालच्या फाट्याला ॲपमधला बाण डावीकडे दाखवत होता. भाऊ नाही म्हणाले होते, पण भाऊंकडे उपग्रह नव्हता. मी संच काढून रुबाबात म्हणालो, "मी डावीकडे बघून येतो. तू फाट्याशी थांब, ओव्हर."

"बरं," मेधा म्हणाली.

गुरांची वाट शंभर पावलांवर एका घळीत संपली. बाण घळीच्या पलीकडे दाखवत होता. मी अर्धा तास काट्यांत घालवला, शर्ट फाडून घेतला आणि फाट्याशी परत आलो. तिथे कोणी नव्हतं.

"मेधा, कुठे आहेस? ओव्हर."

खरखरीतून एकच शब्द आला. "वरच."

"वर कुठे? ओव्हर." पुढे नुसती खरखर. टेकडी मध्ये आली होती. मी चारदा विचारलं, मग ओरडून विचारलं. मग पाठीवरची पिशवी हलली आणि लक्षात आलं की पाण्याच्या दोन्ही बाटल्या माझ्याकडेच आहेत. ऊन तापायला लागलं होतं. सुधागडावर राग आला होता, इथे धास्ती वाटली.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी उजवीकडच्या वाटेने उतरली. मी विचारायच्या आत तिनेच विचारलं.

"निळ्या पंजाबीतली बाय तुमचीच व्हय? ती वर गेली की. मी बोल्ले, बाय, वर कुनी न्हाय, नुसतं पठार हाय. तर ती बोल्ली, आमच्या ह्यांनी सांगितलंय, फाट्याशी थांब, वर."

मी तिथेच खाली बसलो. खरखरीत 'ओ' गळून पडला होता. फाट्याशी थांब, ओव्हर. फाट्याशी थांब, वर. ती बिचारी माझ्या शब्दाला मान देऊन वरचा फाटा शोधत एकटी, पाण्याशिवाय चढत होती, आणि मी तिला इंग्रजी शिस्त शिकवत बसलो होतो.

"चला उठा आता," मावशी म्हणाली. "बाय काय खाली येनार न्हाय, लई ठाम दिसली."

मी धावतच सुटलो. झाडी संपून उघडा कातळ आला, तिथे खरखर थांबली आणि मेधाचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला.

"विद्याधर, ऐक."

पाय जागीच थांबले. नाव माझंच होतं, पण तिच्या आवाजात मी ते कधी ऐकलं नव्हतं. आणि 'ऐका' नाही, 'ऐक'.

"सव्वीस वर्षं मी तुझी पाठ बघतेय. तुझ्या कुठल्या शर्टाची शिवण उसवलीय ते मला माहीत असतं, कारण मी मागे असते. तुला वाटतं मी दमते. मी दमत नाही. मी बघत बघत चालते. तू वर काय बघितलंस ते फोटोसकट सांगतोस. मी खाली काय बघितलं हे कधी विचारलंस? सुधागडावर मी बसले होते तिथे समोर एक धनेश पक्षी येऊन बसला होता. पाऊण तास. तुला सांगायला लागले, तर तू मला धनेशाच्या चोचीवर माहिती दिलीस."

इथे मला सांगावंसं वाटलं की पाऊण तास म्हणजे जवळपास घरटं असणार. मी बटण दाबलंदेखील. मग आठवलं की तिने धरून ठेवलं असताना माझं तिला काही ऐकू जाणार नाही. मी बटण सोडलं. त्या दोन सेकंदांत तिचं एक वाक्य हुकलं, आणि ते कुठलं होतं हे मला अजून माहीत नाही.

"...मैत्रिणींबरोबर गेले तर मजा येईल," ती बोलत होती. "पण संध्याकाळी मला तुलाच सांगावंसं वाटेल. तेच तर वाईट आहे. मला तुझ्याबरोबर यायला आवडतं, पण तू बरोबर नसतोसच."

संच शांत झाला. 'ओव्हर' ती म्हणालीच नाही. मला बोलायला जागा मिळाली होती, पण घरट्याचं मी काढलं नाही. डोळे भरून आले होते, ते उन्हामुळे नव्हे.

"ऐकलं," मी म्हणालो. "पाणी घेऊन येतो. तिथेच बस."

वरच्या फाट्याशी ती एका दगडावर बसली होती. मी बाटली दिली. ती बराच वेळ पाणी प्यायली, मग जराशी सरकली. दगडाखालच्या कपारीत डबा होता. ती थांबली होती म्हणून तिला दिसला, आणि वहीत नाव लिहूनही झालं होतं. 'मेधा. एकटी आले.'

"तुम्हीही लिहा ना," ती म्हणाली. पुन्हा 'तुम्ही' झालो होतो. मी तिच्या नावाखाली 'उशिरा पोचलो' असं लिहिलं. उतरताना मी मागून चाललो. तिने दोन तासांत तीन पक्षी, एक सापाची कात आणि समुद्रावर वळणारी एक होडी दाखवली. मला वाटेत एकदाही काही समजावून सांगता आलं नाही, याचा त्रास झाला, पण सहन केला.

परतीला म्हसळा, माणगाव आणि महामार्ग. रविवारी दुपारनंतर त्या महामार्गावर उतरू नका, घाई असेल तर मुळीच नको. आम्ही सूर्यास्तानंतर घरी पोचलो. गाडीतून सामान काढताना मी धीर करून विचारलं, "मग, मैत्रिणींबरोबर जाणार?"

"त्यांना मी दिवेआगरहूनच हो कळवलंय," मेधा म्हणाली. "जानेवारीत त्यांच्याबरोबर. फेब्रुवारीत तुमच्याबरोबर, आणि तेव्हा बरोबर म्हणजे बरोबर. आल्यावर सांगायला घरी माणूस लागतो हो."

हे लिहितोय तेव्हा जानेवारी आहे आणि ती हरिहरेश्वरला आहे. वॉकी-टॉकीही तीच घेऊन गेली. काल सकाळी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. ती पुढे निघाली आणि मी मागे घरी राहिलो, हे पहिल्यांदाच झालं, आणि मला मुळीच बरं वाटत नाहीये. सव्वीस वर्षं तुला असंच वाटायचं का, हे उद्या ती आली की विचारणार आहे. आणि मग, जमलं तर, गप्प बसणार आहे.