बुडाखालचा खिळा

तळवलीचे बाळारामशेठ कुठलाही जुना लॅम्प आधी उलटा करत. माणसाएवढा उंच, नक्षीदार पितळी दिवा समोर उभा केला की मालक कौतुकाने तो लावून दाखवायला जाई. शेठ हात आडवा घालत. "पेटवू नको. पेटला का सगलेच चांगले दिसतान. आदी बूड बगू."

शेतजमीन शहरात गेल्यावर त्यांनी जुन्या सामानाचं गोडाऊन टाकलं होतं. मी लोकांची घरं सजवून देते, त्यामुळे तिथे माझी सारखी फेरी असे. बुडाखालची खरी मळी कोणती आणि चहाच्या पाण्याने आणलेली कोणती, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या खिशात कायम लोहचुंबक. अस्सल पितळेला तो चिकटत नाही. एकदा माझ्या घरी चहा घेताना त्यांनी ट्रेलाही तो लावून पाहिला! "तुज्यावर इस्वास हाय. दुकानदारावर नाय."

हा संशय माझ्याही अंगात मुरला, पर्समध्ये चुंबक आला. बाबा गेल्यावर त्यांच्या कामोठ्याच्या घरात, आजोबांनी घेतलेल्या पितळी लॅम्पला मी सहज चुंबक लावला, तर तो टक्कन चिकटला. आत लोखंड, वर नुसता मुलामा! बाबांच्या आजारपणात घराची चावी दादाकडे होती. अस्सल लॅम्प त्यानेच विकला, दुसरं काही माझ्या डोक्यात येईचना. त्याच्यासमोर सोक्षमोक्ष लावायला मी शेठना बोलावलं.

शेठनी लॅम्पकडे एकदा पाहिलं आणि ते खुर्चीत बसून राहिले. त्याला हातसुद्धा लावेनात. "जुना हाय. ठेवा घरान."

"उलटा नाही करणार?" मी भडकले. "दादाने आधीच गाठलं वाटतं तुम्हाला!"

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चोर? बास झालं. तुझा माझा संबंध संपला," म्हणत त्याने चपला पायात सरकवल्या.

"थांब रं पोरा." शेठ उठले. त्यांनी लॅम्प आडवा केला आणि बुडाला चिकटवलेलं कापड नखाने सोडवलं. खाली तांब्याचा एक खिळा होता. "मी नक्कल बनवली का यो खिला मारतो. मंजे उद्या तीच नक्कल कोन मनाच अस्सल म्हनून इकनार नाय. यो मीच बनवलाय. अस्सल दिवा तुमच्या बापसानं इकला, पोरीच्या कॉलेजसाठी. पोरांना कलता कामा नये बोलला. आज त्याला दिलेला सबूद मोडला मी."

पोरगी म्हणजे मीच. घरं सजवायला मी त्याच कॉलेजात शिकले. लाजेने मला मान वर करवेना. दादा दारातून परत आला, माझ्या शेजारी बसला.

गेल्या वर्षी शेठ गेले. आम्ही दोघं मिळून तळवलीला जाऊन आलो. लॅम्प आता दादाकडे असतो. चुंबक अजून माझ्या पर्समध्ये आहे, पण त्याच्या घरी मी तो बाहेर काढत नाही. मी गेले की दादा आधी लॅम्प लावतो. पेटला की खरंच चांगला दिसतो.