उतरलेले सेल

कबनूरला आमच्या गल्लीत शांतता आठवड्यातून एकदाच असायची. त्या दिवशी लाइट बंद, म्हणून यंत्रमाग बंद. एरवी दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांची खडखड इतकी, की घरात साधं ‘जेवायला ये’ म्हणायचं तरी ओरडावं लागे. बाहेरची माणसं आम्हाला भांडखोर समजतात ती त्यामुळेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी चुलत बहीण, मी तिला अक्का म्हणायचो, बाहेरून बारावीला बसली होती. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली होती. काकांनी बजावलं होतं, “एकदा बस. पास झालीस तर कोल्हापूरला कॉलेजात घालतो, हॉस्टेलात ठेवतो. न्हाय झालीस तर परत नाव काढायचं न्हाय.” काका वाईट नव्हते. बोललेला शब्द फिरवत नसत, एवढंच.

काकू निरक्षर, काका आणि तिचा थोरला भाऊ मागावर. वाचून दाखवणारा मी एकटा, अकरावीतला. तेव्हा मीच डोकं लढवलं: धडे टेपवर भरायचे, म्हणजे तिला हवे तेव्हा ऐकता येतील. आज दृकश्राव्य साधनांवर मी शिक्षकांपुढे लांबलचक भाषणं ठोकतो, पण माझं पहिलं साधन तो टेप. मागांच्या खडखडीत भरलेलं काही कळेना, म्हणून धडे भरायचे ते लाइट बंद असेल त्या दिवशी, सेलवर. आणि सेल पुरवून वापरायचे म्हणून ऐकायचं मात्र बाकीच्या दिवशी, लाइटवर, टेपला कान चिकटवून. अक्काचं ऐकणं असं, की एकदा ऐकलेला परिच्छेद ती मला माझ्या चुकांसकट म्हणून दाखवायची.

इतिहासाच्या शेवटच्या तीन धड्यांची कॅसेट भरून दिली आणि मी मामाच्या लग्नाला आजऱ्याला गेलो. भरलेलं एकदा लावून बघावं, एवढंही मला सुचलं नाही. अक्कानं ती कॅसेट शेवटासाठी ठेवली होती. पेपरच्या दोन दिवस आधी लावली, तर आतून माझा आवाज चिमण्या भांडाव्यात तसा चिवचिवत सुटला. एक शब्द धड कळेना. सेल उतरलेले असले की भरताना टेप हळू फिरतो, आणि तीच कॅसेट लाइटवर लावली की आवाज पळत सुटतो. हे आज मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फिरत्या चाकाला बोट लावून लावून ती दिवसभर ऐकत बसली होती, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

अक्का इतिहासात नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले.

निकालाच्या दिवशी काकांनी विचारायच्या आतच मी बोलून गेलो, “टेपच खराब हाय, काका.” अक्का शांतपणे म्हणाली, “टेपचं काय न्हाय. माझंच पाठ झालं न्हाय.” काकांनी मान हलवली आणि ते कामावर गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते सुटल्यासारखंच. कॉलेजचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढे मी कोल्हापूरला शिक्षक झालो. दोन हजारच्या पुढे शाळेत कॉम्प्युटर आले, चित्रं आणि आवाज जोडून मी धड्यांच्या सीडी करू लागलो. त्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग कमीजास्त करता यायचा. मला ती कॅसेट आठवली. अक्कानं जपून ठेवली होती. मी मोठ्या कौतुकानं ती मागून आणली, शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरवर घेतली आणि वेग उतरवत नेला. अकरावीतला मी स्वच्छ वाचू लागलो. चार-पाच मिनिटं मी स्वतःवरच खूश होतो.

मग धडा मध्येच थांबला आणि अक्काचा आवाज आला. “टेप जड फिरतोय बघ. सेल उतरल्यात. नवे घालूया की.”

“काय होत न्हाय गं. तीनच धडे ऱ्हायल्यात. मला मॅचला जायचंय.”

हे मी साफ विसरून गेलो होतो. इतकी वर्षं मी टेपला दोष देत आलो, लोकांना गंमत म्हणूनही सांगितलं. त्या खुर्चीत मी रडलो. कसली साधनं अन् कसलं काय!

रविवारी कबनूरला गेलो. अक्का भावाच्या घरी मशीनवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मशीनचा आवाज होता, म्हणून ही गोष्टही मला ओरडूनच विचारावी लागली. “अक्का, सेल उतरल्यात म्हणून तू मला सांगितलं होतंस की. मग काकांना माझं नाव का न्हाय सांगितलंस?”

तिनं मशीन बंद केलं.

“सांगितलं असतं तर त्यांनी तुला मारलं असतं. मग तू घरात पाऊल टाकलं नसतंस. मला वाचून कुणी दाखवलं असतं?”

त्या निकालानंतर मी तिला एक पानही वाचून दाखवलं नव्हतं.