लामत्याचे निरंक दाते

नाव: प्राची खोब्रागडे. वय: सत्तावीस. हुद्दा: संगणक आज्ञावलीकार, कंत्राटी. ओळखखूण: हनुवटीवर जुना व्रण. वर्तणूक: समाधानकारक.

ही नोंद बालाघाटच्या एका खासगी रक्तपेढीच्या दफ्तरातली, सन २००६. रक्तदात्यांच्या नोंदींची जावा भाषेतली संगणक-प्रणाली प्राचीनेच लिहिली होती. पडद्यावर अर्ज भरला की त्याची तपासणी आपोआप व्हायची. शिबिरांच्या याद्या मात्र एकगठ्ठा आत जात. तिथे तपासणी आपोआप होत नसे, वेगळी आज्ञा द्यावी लागे. प्राचीने त्यासाठी एक ओळ लिहिली होती.

त्या ओळीने लामता गावच्या शिबिराची यादी परत फेकली. ती टंकणारे दुलीचंदकाका तहसिलीतून निवृत्त. तिथे रकाना कोरा सोडणं पाप. माहिती नसली की ‘निरंक’ लिहायचं. रक्तगट तपासायचे राहिलेल्या प्रत्येक दात्यापुढे त्यांनी तेच लिहिलं होतं.

व्यवस्थापक प्रभाकरराव तडक आले. “काहून अडवून राह्यली वं यादी? उद्या प्रणालीचं उद्घाटन आहे, दात्यांचा आकडा दाखवाचा आहे.”

“सर, यायचे रक्तगटच नाही.”

“मंग भरजो नंतर. माणसं तं खरी आहेत न?”

“हौ.”

“मंग ते तुही ओळ बंद कर.”

तिने केली. उद्घाटन झालं, हार सुकले. ओळ बंदच राहिली, कारण ती उघडण्याचा आदेश निघाला नाही. प्राचीने दोनदा विचारलं. “पाहू,” असं उत्तर मिळालं.

प्रणालीची गट ओळखायची रीत साधी होती: ए नाही, बी नाही, म्हणजे ओ, अधिकचं चिन्ह नाही, म्हणजे निगेटिव्ह. तपासणी दारात उभी होती तोवर ही रीत निर्धोक होती. आता लामत्याचे सगळे निरंक दाते ओ निगेटिव्ह झाले. एवढा दुर्मीळ गट एकाच गावात, याचं प्रभाकररावांना कौतुकच वाटलं.

मग एके दिवशी गावातल्या दवाखान्यात बाळंतपणानंतर प्रियंका नावाच्या बाईचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह, पेढीत पिशवी नाही.

“साहेब, गोंदियाहून मागवू का?” तिच्या नवऱ्याने विचारलं.

“कायले?” प्रभाकररावांनी पडद्याकडे बोट केलं. “लामत्यातच भरपूर आहेत. जीप पाठवतो.”

प्राचीला हे कळलं तेव्हा जीप निघून गेली होती. तिने न विचारता ओळ उघडली आणि जुनी यादी पुन्हा तपासायला लावली. पडद्यावर लामत्याची पूर्ण यादी चुकीच्या लाल खुणांनी भरली.

“सर, यातला एकही तपासलेला नाही.”

 मग प्रभाकररावांनी गोंदियाला फोन लावला.

दाते आले, शर्टाच्या बाह्या वर करूनच. एकेकाचा गट तपासला. सगळे पॉझिटिव्ह निघाले.

चौकशी अहवालात नोंद आहे: दाते तत्परतेने उपलब्ध, प्रणाली कार्यरत, सर्व रकाने परिपूर्ण.

गोंदियाची गाडी यायच्या आत प्रियंका गेली.