मफलराखालच्या दोऱ्या

"मान सैल सोड रे, तुका काय फाशी देवक आणूक नाय!"

ऐंशीच्या दशकात आमच्या मालवणच्या स्टुडिओत ज्याने कुणी फोटो काढून घेतला, त्याने हे ऐकलं असणार. कदाचित तुम्हीही ऐकलं असेल. बोलणारे स्टुडिओचे मालक; त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. मी तिथे रिटचिंगला होतो. खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची, की छापलेल्या फोटोतून गिऱ्हाइकाच्या सुरकुत्या गायब. त्यामुळे बाजारात माणसं भेटली की मला आधी त्यांच्या माना दिसायच्या. अजूनही दिसतात.

पन्नाशी आली तरी भाऊंनी लग्न केलं नव्हतं. मग एका नातेवाइकाने मसुऱ्याच्या शाळेतल्या बाईंचं स्थळ आणलं आणि फोटो मागितला. भाऊ पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसले. मला म्हणाले, "मानेवरसून जरा हात फिरव हां." मी फिरवला. जरा जास्तच फिरवला. पस्तिशीचा माणूस तयार झाला.

बाईंनी होकार कळवला. मे महिन्याच्या सुट्टीत भेटायला येते म्हणाल्या. भाऊंची झोप उडाली. दुसऱ्या कुणी खरा फोटो पाठवून दिला असता. भाऊंनी मात्र फोटो तसाच ठेवून माणूस दुरुस्त करायचं ठरवलं.

त्यांचा भाचा मुंबईत चेहऱ्याची ऑपरेशनं करायचा. भाऊ दुकान माझ्यावर टाकून गेले आणि परतले ते गळ्याला मफलर गुंडाळून. मालवणात, एप्रिलमध्ये! गाल खरंच तुकतुकीत झाले होते. पण त्यांनी मफलर सोडला आणि मी मान बघितली. हनुवटीपासून गळ्याच्या खाचेपर्यंत स्नायूंच्या दोन दोऱ्या ताणलेल्या. तोंड उघडलं की ताठ उभ्या राहायच्या.

"कोणी आतसून आवळून धरल्यासारख्यां वाटतां," भाऊ म्हणाले.

आतलं सगळं जुळून यायला काही महिने लागतात, ताण हळूहळू जाईल, घाई करू नका, असं भाच्याने बजावलं होतं. पण घाई होतीच. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली वाकताना भाऊ कळवळायचे. गिऱ्हाइकाला मान सैल सोड म्हणणं त्यांनी बंदच केलं. बाजारात "गाठ काढली" असं सांगून ठेवलं होतं, तर निम्म्या गावाने गाठीवरचे काढे आणून दिले. ते त्यांनी मुकाट्याने प्यायलेही. मला हसू यायचं, आणि माझ्या पेन्सिलीची लाजही वाटायची.

मे महिन्यात बाई स्टुडिओतच आल्या; मी खिडकीपाशी होतो. भाऊ मफलर लावून बसले होते. मान वळेना, म्हणून अख्खं अंग वळवून बोलत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच मफलर काढला.

"तो फोटो खोटो होतो," ते म्हणाले. "म्हणान ह्यां करून घेतलंय."

बाई म्हणाल्या, "चार वर्सां तुमी आमच्या शाळेचो फोटो काढूक येतास. मी मागच्या रांगेत उभी आसतंय. तुमचो चेहरो माका म्हायत नाय?"

भाऊ खजील झाले. कापडाखालच्या काचेवर त्यांना सगळी शाळा उलटी दिसायची. त्यातल्या बाई त्यांच्या कधी लक्षातच आल्या नव्हत्या.

"मी होकार तुमका दिलेलो, फोटोक न्हय," बाई म्हणाल्या. "आता मान सैल सोडा. तुमका काय फाशी देवक आणूक नाय."

भाऊंचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

लग्न त्याच महिन्यात झालं. लग्नाच्या फोटोत त्या दोऱ्या स्पष्ट दिसतात. त्या निगेटिव्हला भाऊंनी मला पेन्सिल लावू दिली नाही. पुढे वर्षभरात दोऱ्या सैलावल्या आणि स्टुडिओत पुन्हा जुना आवाज घुमायला लागला.

भाऊ गेले तोवर स्टुडिओ बंद झाला होता. बाई लग्नाचा फोटो घेऊन माझ्या घरी आल्या. त्यातला भाऊंचा चेहरा भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. सवयीने माझं बोट मानेवर गेलं.

"थंय हात लावू नको," बाई म्हणाल्या. "ह्येंनी माझ्यापायी सोसल्यानी त्यो दोऱ्यो. माका रोज दिसाक होयेत."