अधिवेशनात रडलेलं बाळ

परिचारिका संघटनेच्या अधिवेशनाला यंदा मी निवृत्त म्हणून गेले. अध्यक्षबाई रिकाम्या जागांविषयी तावातावानं बोलत होत्या, तेवढ्यात मागच्या रांगेत कुणाचं तरी तान्हं बाळ टाहो फोडून रडायला लागलं. एरवी सभेत मूल रडलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे मात्र सगळ्या हसल्या, आणि आम्ही जुन्या सिस्टरांनी एकदमच मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

शेजारी मंदाताई होत्या, लेबर रूममधल्या माझ्या वीस वर्षांच्या जोडीदार. त्यांनीही पाहिलं होतं. आम्ही दोघी ओशाळलो.

बाळाची आई, नवीनच लागलेली नर्स, घाईनं बाहेर जायला उठली. मंदाताई म्हणाल्या, "बस गं. रडतंय म्हणजे छान आहे."

खरंच आहे ते. बाळ बाहेर यायचं आणि रडायचं नाही, तेव्हा तेवढा एक क्षण किती लांबायचा! त्याची पाठ चोळताना आपलाच श्वास अडकलेला असायचा. मग ते रडायचं, आणि कुणीतरी ओरडायचं, "वेळ बघा, केसपेपरवर लिहायचीय!" आता घरी दिवसभर घड्याळ टिकटिकतं, जन्मवेळ विचारणारं कुणी नाही.

संध्याकाळी पर्स आवरताना अधिवेशनातलं मागण्यांचं पत्रक हाताला लागलं. त्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अकरा वाजून वीस मिनिटे. बाळ लगेच रडले.