उंबराखालचा वाघदेव

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून खोडलं, रडूच येतं. पण मग तानुमावशीबद्दल कुणीच लिहिणार नाही, म्हणून लिहितेय.

तानुमावशी म्हणजे नाशिकला आमच्या हॉस्टेलवर स्वयंपाक करायची ती. हरसूलकडची. १९९४ साली तिचं गाव धरणात गेलं, तेव्हा लोक भांडीकुंडी घेऊन निघाले आणि हिने शिवेवरचा वाघदेव उचलला. शेंदूर लावलेला दगड. इथे नोकरी लागल्यावर तो मागच्या उंबराखाली ठेवला. वाघबारशीला, म्हणजे आपल्या वसुबारशीच्या दिवशी, ती त्याला खीर दाखवायची, मग आम्हाला वाढायची.

"तुझा वाघ शाकाहारी का गं मावशी?"

"तुमच्यासारख्या पोरी खाऊन कट्टाळला त्यो."

यंदा, २००६ च्या पावसाळ्यात, तपासणीला कमिटी येणार होती. रेक्टर मॅडम म्हणाल्या, हॉस्टेल सगळ्या धर्मांचं आहे, इथे धार्मिक काही नको, तो दगड हलवा.

मावशीने गेटवरच्या गणपतीकडे हात केला. "मंग ह्यो बी जानार?"

"ते वेगळं. ती आपली संस्कृती आहे."

"आन् माझी?"

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. वाईट नाहीत हो त्या. हळूच म्हणाल्या, "असं करा तानुबाई, कुणी विचारलं तर मारुती आहे म्हणून सांगा. शेंदूर आहेच. मारुतीला कोण हात लावतंय?"

आम्ही टाळ्याच वाजवल्या! माझी रूममेट सई म्हणाली, "मावशी, हो म्हण ना, नुसतं नावच तर सांगायचंय."

मावशीने दगडावर पडलेली पानं झाडली. "मारुतीच्या मी पाया पडते. पन ह्यो त्यो नाय. माझ्या बापाला रानात ह्यानं राखलं. आता ह्याला दुसऱ्याच्या नावावर जगवू?"

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या पोळ्या केल्या, दगड जुन्या लुगड्यात बांधला आणि हरसूलची एसटी धरली. नोकरी सोडून.

कमिटी आली. सरस्वतीपुढे दिवा लावून तपासणी सुरू झाली. शेरा चांगला मिळाला. उंबराखाली शेंदराचा डाग तेवढा राहिलाय.

मावशी आता हरसूलला भावाकडे आहे. दिवाळी झाली की द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जाणार, मग कुठे सापडेल देव जाणे. त्याआधी वाघबारस आहे. लवकर जा तिला भेटायला. बाजारात कुणालाही विचारा, घर दाखवतील. आणि अंगणात तो दगड दिसला तर प्लीज, मारुती म्हणू नका.