भाऊजींची वाटी

परवा राळेगावजवळ आमच्या घरी अधिक महिन्यातलं जावयाचं धोंड्याचं जेवण होतं आणि त्याच दिवशी मी इथे एक व्हिडिओ टाकला... मामा माझ्या भाऊजींना अनारसे चारतोय आणि सगळे हसतायत, तो. हसण्याचे इमोजी आजही येऊनच राहिले आहेत. ज्यांनी पाठवले त्यांनी आता हे पण वाचा.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांचं वजन एकशे बेचाळीस किलो होतं. सीट पार मागे घेतली तरी पोट स्टेअरिंगला लागायचं. झोपेत श्वास अडकायचा, झोप पुरी व्हायची नाही... एकदा भर दुपारी चालत्या गाडीत डोळा लागला आणि ट्रक सरळ पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात उतरला. कोणाला काही झालं नाही. पण ताईने त्या दिवशी ठरवलं, ऑपरेशन करायचं.

नागपूरला ऑपरेशन झालं. पोट कापून लहान केलं. तेव्हापासून ते एका छोट्या स्टीलच्या वाटीत जेवतात, जिथे जातील तिथे ती वाटी पिशवीत सोबत. गोड बंद... खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते.

यावर लोक म्हणतात, शॉर्टकट मारला. अरे कसला शॉर्टकट? खाणीवर लोडिंगच्या लाईनीत गाड्या तीन-तीन तास उभ्या असतात. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटतात, आणि हा माणूस तोंडाला दुपट्टा बांधून आपल्याच ट्रकभोवती चकरा मारतो. धुळीत, उन्हात, रोज. आज ब्याण्णव किलो आहेत. आपल्यापैकी कितीजण रोज एक तास चालतात, सांगा बरं? मी पण नाही चालत.

मी गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात असतो, तिथून सुट्टी काढून आलो होतो. आईने दोन दिवस चुलीपुढे बसून तेहतीस अनारसे तळले होते. जेवायला बसायची वेळ झाली आणि भाऊजींची वाटी सापडेना...

मामाने लपवली होती. लग्नात जोडे लपवतात ना, तशी.

"जवाईबापू, पोट कापलं म्हणून जवाईपण बी कापलं का?" मामा म्हणाला आणि भरलेलं ताट समोर ठेवलं. घर नुसतं हसत होतं. मी पण... मोबाईल माझ्याच हातात होता.

भाऊजी हात जोडून म्हणत होते, "मामाजी, नाही चालत हो मले. खरंच नाही चालत." मामा ऐकेल तर ना. "एका अनारशानं कोनी मरत नाही. माह्या बहिणीनं दोन दिवस चुलीपुढं काढले, तिचं मन मोडता का?"

भाऊजींनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. एक अनारसा... दुसरा... मग पुरणाचा धोंडा, धोंड्यावर तूप. आतून ताई ओरडली, "मामा, बस करा!" तर मामा म्हणतो, "तू चूप बस वं, जवायाची गंमत हाये."

व्हिडिओ इथे संपतो, तो मी तेव्हाच टाकूनही दिला. पुढचं मी काढलं नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी भाऊजी मागे न्हाणीजवळ वाकून बसले होते. शर्ट घामाने चिंब, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. ताई पाठ धरून बसली होती. मी पाण्याचा गडवा घेऊन गेलो तर तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "काढला न व्हिडिओ? आता हा बी काढ."

मी गडवा तिच्याजवळ ठेवला.

तसाच आत गेलो आणि मामाला म्हटलं, वाटी दे. तांदळाच्या डब्यात होती. आयुष्यात पहिल्यांदा मामाला उलटून बोललो, जे तोंडात आलं ते. मामा न जेवता निघून गेला. आता गावात चालू आहे की भाचा गुजरातला जाऊन लय शहाणा झाला. म्हणू द्या. ऑपरेशन केलं नसतं आणि ट्रक परत वावरात उतरला असता, तर यातलं कोण आलं असतं भाऊजींना बाहेर काढायला?

पण खरं सांगतो... तो व्हिडिओ मी नंतर आवाज वाढवून ऐकला. सगळ्यात मोठं हसणं माझं आहे. मामापेक्षा मोठं.

संध्याकाळी भाऊजी जरा बरे झाले. मी मान खाली घालून बाजूला बसलो तर तेच म्हणाले, "डॉक्टरनं सारं शिकवलं बे, पण सासरी 'नाही' कसं म्हनाव तेवढं राह्यलं." मला हसू आलं नाही.

काल सकाळी आईने अनारशांचा डबा उचलून वर फळीवर ठेवला. भाऊजींजवळ येऊन बसली आणि विचारलं, "तुमाले काय चालते, तेवढं सांगा." दोन दिवसांत हे विचारणारी ती पहिली. ते म्हणाले, मुगाचं वरण चालते.

आईने त्यांच्याच वाटीत वरण वाढलं. "एवढं?" भाऊजी अडखळले... मग म्हणाले, "थोडं कमी."

आईने एक चमचा वरण परत काढून घेतलं. आमच्या घरात जावयाचं वाढलेलं परत काढून घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. आणि भाऊजी शेवटपर्यंत निवांत जेवले.

व्हिडिओ मी आत्ताच उडवला आहे. कोणी सेव्ह केला असेल तर तुम्ही पण उडवा. मामाला हे वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा... पुढच्या कार्यक्रमाला मी सुट्टी काढून येणार आहे, आणि वाटी माझ्या खिशात असणार आहे.